चापुल्तेपेक: बादशहाचा महाल कमी, राष्ट्राध्यक्षांचे घर जास्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक किल्ल्यावरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. मात्र ‘बादशहा मॅक्सिमिलियनचा महाल’ एवढ्या एका ओळखीवर सगळा लेख उभा होता आणि शेवटी ‘गच्चीवरून शहर पाहा, फोटो काढा, तासाभरात खाली उतरा’ असा सल्ला होता. तो मानून कुणी गेले, तर ज्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाचे तिकीट काढले ते न पाहताच परत येईल. सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात हे सर्रास होते. वर्तमानपत्रानेही तीच री ओढावी हे बरे नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी हिशेब पाहू. मॅक्सिमिलियन, म्हणजे फ्रेंच फौजेच्या बळावर मेक्सिकोच्या गादीवर बसलेला ऑस्ट्रियन राजपुत्र, जून १८६४ मध्ये राजधानीत आला. फेब्रुवारी १८६७ मध्ये तो केरेतारो शहराकडे गणराज्याच्या फौजेशी लढायला गेला तो परतलाच नाही. १९ जूनला तिथल्या टेकडीवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची बायको कार्लोता त्याच्याही आधी, जुलै १८६६ मध्ये, युरोपात मदत मागायला निघून गेली होती. म्हणजे बादशाही मुक्काम पुरता तीन वर्षांचाही भरत नाही. याउलट १८८० च्या दशकापासून १९३४ पर्यंत ही वास्तू मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांकडे होती. पोर्फिरियो दियास मुख्यतः उन्हाळ्यात इथे राहायचा, पण त्याने घरात पैसा ओतला, लिफ्टसुद्धा बसवून घेतली. पुढे मादेरो, कारान्सा, ओब्रेगोन, कायेस असे एकामागून एक इथे आले. शेवटचा आबेलार्दो रोद्रिगेस. आज आपण जे सजवलेले घर पाहतो त्याचा बराचसा भाग दियासच्या काळातला आहे. बादशहाचे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले.

‘किल्ला’ हेही तसे सैलच वर्णन. १७८५ मध्ये स्पेनचा इथला राज्यपाल, व्हाइसरॉय बेर्नार्दो दे गाल्वेसने तो उन्हाळी घर म्हणून बांधायला घेतला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि काम रेंगाळले. स्पेनच्या राजसत्तेने वास्तू विकायला काढली, गिऱ्हाईक मिळेना. शेवटी १८०६ मध्ये शहराच्या पालिकेने ती घेतली. १८४० च्या दशकात इथे लष्करी महाविद्यालय आले. मग अमेरिकेशी झालेल्या युद्धातली १३ सप्टेंबर १८४७ ची लढाई. विनफिल्ड स्कॉटच्या अमेरिकन फौजेने टेकडी घेतली तेव्हा आतल्या सैन्याचा सेनापती होता निकोलास ब्राव्हो. घर म्हणून बांधलेल्या इमारतीकडून तोफांच्या माऱ्यापुढे टिकाव धरण्याची अपेक्षा करणेच चूक होते. बादशाहीनंतर, १८७८ मध्ये, याच छपरावर राष्ट्रीय वेधशाळा सुरू झाली आणि काही वर्षांत ती जवळच्या ताकुबाया भागात हलवली गेली. इतक्या वेळा मालक आणि काम बदललेल्या इमारतीत भिंती, जिने, दारे एकमेकांशी जुळत नाहीत. बघणाऱ्याला वाटते आपणच वाट चुकलो. खरे तर घरच तसे जोडत जोडत वाढले आहे.

हे घर संग्रहालय झाले ते एका राष्ट्राध्यक्षाने तिथे राहायला नकार दिला म्हणून. १९३४ मध्ये सत्तेवर आलेल्या लासारो कार्देनासला हा थाट नको होता. तो खाली, टेकडीभोवतीच्या चापुल्तेपेक वनाच्या कडेला असलेल्या लोस पिनोस या साध्या घरात राहायला गेला. १९३९ मध्ये त्याने किल्ला राष्ट्रीय इतिहास संग्रहालयासाठी देऊन टाकला. जुन्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इतिहास विभागाच्या वस्तू इथे आल्या आणि २७ सप्टेंबर १९४४ रोजी, मानुएल आविला कामाचोच्या काळात, दारे लोकांसाठी उघडली. आपल्या लेखात ही हकीकत एका ओळीतही नव्हती. ती माहीत नसेल तर आतली मांडणी कळत नाही, कारण हे संग्रहालय ज्यांच्या घरात उभे आहे त्यांच्याशीच भिंतीभिंतीवर वाद घालते.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. सोमवारी बंद. मंगळवार ते रविवार सकाळी ९ ते संध्याकाळी ५, पण प्रवेश त्याच्या बराच आधी थांबतो. दुपारी चार वाजता टेकडीच्या पायथ्याशी पोचणे म्हणजे हेलपाटा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना तिकीट लागत नाही. ‘रविवारी फुकट’ एवढेच वाचून जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला मात्र तिकीट काढावेच लागते, आणि वर आठवड्यातली सर्वांत मोठी गर्दी पदरात पडते. म्हणून परदेशी माणसाने रविवार टाळावा हे उत्तम. तिकिटाचे दर दरवर्षी बदलतात, तेव्हा जुन्या लेखांतल्या आकड्यांवर जाऊ नये. जवळ सुटे पेसो असू द्यावेत. व्हिडिओ चित्रणाला वेगळी पावती फाडावी लागते. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फीची काठी चालत नाही.

मेट्रोच्या १ नंबर मार्गावरचे चापुल्तेपेक स्थानक सोयीचे. तिथून वनात शिरून सहा उंच स्तंभांच्या स्मारकापर्यंत यायचे आणि त्याच्या मागून वर जाणारी वळणाची रस्तावजा चढण धरायची. पायथ्याशी पिशव्या तपासतात. खाण्याचे पदार्थ आणि पाण्याच्या बाटल्या वर नेऊ देत नाहीत. मोठी सॅक असेल तर पैसे भरून लॉकरमध्ये ठेवावी लागते. इथेच बहुतेकांची पहिली चिडचिड होते. त्यावर उपाय सोपा आहे: लहान पिशवी न्यायची आणि पाणी चढण्याआधी पोटभर पिऊन घ्यायचे. टेकडी भोवतालच्या जमिनीपासून सुमारे ६० मीटरच उंच आहे, पण शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर वसलेले. आदल्या रात्री विमानातून उतरलेल्या माणसाला एवढ्याशा चढणीत धाप लागते आणि डोके ठणकते. सावकाश गेले तर १५ ते २० मिनिटे लागतात. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी ठेवूच नये, तिसऱ्या दिवशी ठेवावे.

चढणीच्या वाटेवर शंखासारखी वळत उतरणारी एक इमारत लागते. ते १९६० मध्ये उघडलेले वेगळे इतिहास दालन. वास्तुरचना पेद्रो रामिरेस वास्केसची. लहान लहान देखाव्यांमधून स्वातंत्र्ययुद्धापासूनचा काळ तिथे मांडला आहे. मेक्सिकोचा इतिहास अजिबात माहीत नसेल, तर आधी इथे अर्धा तास घालवणे फायद्याचे. वर गेल्यावर नावे ओळखीची वाटतात.

वर दोन इमारती आहेत, आणि आपल्या लेखकाची गल्लत नेमकी इथे झाली. एक जुन्या लष्करी महाविद्यालयाची, तिच्यात संग्रहालयाची मुख्य दालने. दुसरी अल्कासार, म्हणजे राहते घर: मधोमध बाग आणि बुरूज, भोवती खोल्या, काळ्या-पांढऱ्या फरशीची गच्ची. लोक फोटोत पाहिलेल्या गच्चीकडे धावतात आणि पहिली इमारत राहून जाते. कामाच्या दिवशी, म्हणजे मंगळवार ते शुक्रवार, आधी महाविद्यालयाची इमारत आणि मग अल्कासार हा क्रम योग्य. शनिवार-रविवारी जावेच लागले तर उलट करावे: नऊच्या ठोक्याला अल्कासार. तिथल्या वाटा अरुंद आहेत, खोल्या दोरीबाहेरून बघायच्या असतात, आणि अकरानंतर माणूस रांगेबरोबर ढकलला जातो, बघणे राहून जाते. मुख्य दालने प्रशस्त आहेत, ती गर्दीतही बघता येतात. एकूण साडेतीन तास हाताशी हवेत.

मुख्य इमारतीत तळमजल्यावर स्पॅनिश आक्रमणापासून १९१० च्या मेक्सिकन क्रांतीपर्यंत काळाच्या क्रमाने दालने आहेत. माहितीफलक मुख्यतः स्पॅनिशमध्ये. सगळे वाचायला जाऊ नये, दमछाक होते. वस्तूंपैकी चुकवू नयेत अशा दोन सांगतो. स्वातंत्र्यलढ्याची सुरुवात करणारा धर्मगुरू मिगेल इदाल्गो याने १८१० च्या उठावात हाती घेतलेला ग्वादालुपेच्या मातेचा ध्वजपट इथे आहे. त्यानंतरच्या घोडागाड्या: मॅक्सिमिलियनची समारंभाची झगमगती गाडी आणि त्याच्याविरुद्ध लढून जिंकलेला राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस याची साधी काळी गाडी. दोन्ही पाहिल्या की त्या युद्धावरचे पानभर लिखाण वाचायची गरज उरत नाही. हुआरेस या टेकडीवर राहायला आला नाही, हेही त्या काळ्या गाडीसमोर आठवावे. तो गावातल्या राष्ट्रीय प्रासादात राहिला आणि १८७२ मध्ये तिथेच वारला.

पण खरा ऐवज भिंतींवर आहे. होसे क्लेमेन्ते ओरोस्कोचे १९४८ चे भित्तिचित्र हुआरेसच्या प्रचंड मस्तकाभोवती रचलेले आहे आणि खाली धर्मगुरूंनी उचललेले मॅक्सिमिलियनचे प्रेत आहे. ज्या घरात तो राहिला, त्याच वास्तूत त्याचे असे चित्र! हे ओल्या गिलाव्यावरचे काम आहे. जवळून ब्रशचे फटकारे दिसतात, चेहरा दिसण्यासाठी मात्र मागे सरावे लागते. खोर्खे गोन्सालेस कामारेनाचे १९६७ चे चित्र १९१७ च्या राज्यघटनेवर आहे, त्यात कारान्सा लेखणी घेऊन दिसतो. कामारेनाचेच दुसरे, स्पॅनिश स्वार आणि गरुडयोद्धा एकमेकांना मारत आहेत ते, बहुतेकांना जास्त आवडते.

हुआन ओ'गोरमनचे स्वातंत्र्यलढ्याचे चित्र (१९६०-६१) वळणाऱ्या भिंतीवर आहे. ते मधोमध उभे राहून एका नजरेत बघायचा प्रयत्न केला की नुसती माणसांची गर्दी दिसते. डाव्या टोकाला सुरुवात करावी आणि भिंतीच्या कडेने चालत उजवीकडे जावे. डावीकडे वसाहतीतली गुलामी आणि चाबूक, मग नव्या विचारांची माणसे, मग उठाव, आणि उजव्या टोकाला १८१४ च्या आपात्सिंगानच्या राज्यघटनेचा काळ. चालता चालता आभाळही बदलत जाते. चेहरे इतके नेटके रंगवले आहेत की मेक्सिकन शाळकरी मुले बोट दाखवून नावे घेतात. त्यांच्या शिक्षकाच्या मागे उभे राहिले तर फुकट वाटाड्या मिळतो.

ओ'गोरमनचेच १९६८ चे एक चित्र या वास्तूशी सर्वांत जवळून जोडलेले आहे आणि नेमके तेच लोक ओलांडून जातात. ९ फेब्रुवारी १९१३ ची सकाळ. राजधानीत बंड झाल्याची खबर आली आणि राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मादेरो याच घरातून घोड्यावर बसून राष्ट्रीय प्रासादाकडे निघाला. सोबत होते इथल्याच लष्करी महाविद्यालयाचे छात्र. चित्रात मादेरो घोड्यावर आहे, भोवती छात्र आणि लोक आहेत. आणि ज्यांनी त्याला पाडले त्या सेनापती व्हिक्टोरियानो उएर्ताला आणि अमेरिकेचा राजदूत हेन्री लेन विल्सन याला चित्रकाराने विसरू दिलेले नाही. पुढचे दहा दिवस शहरात तोफा चालल्या. मादेरोला कैद झाली आणि २२ फेब्रुवारीच्या रात्री लेकुंबेरी तुरुंगाजवळ त्याला ठार मारण्यात आले. हे चित्र पाहून बाहेर आलात की तीच टेकडी, तोच उतार समोर असतो. ‘राष्ट्राध्यक्षांचे घर’ म्हणजे काय, ते गच्चीवरून कळत नाही, इथे कळते.

दाविद आल्फारो सिकेरोसचे दालन शेवटी. दियासच्या राजवटीपासून क्रांतीपर्यंतचा हा पट खोलीच्या भिंतींवरून वळत जातो, सुमारे ४०० चौरस मीटर. याला एका जागी उभे राहून बघायचेच नाही. चित्रकाराने चालणारा प्रेक्षक धरूनच आकार ताणले आहेत. तिरक्या कोनातून घोडे पुढे झेपावतात, समोरून ते अडखळल्यासारखे दिसतात. एका बाजूला १९०६ चा कानानेआच्या तांब्याच्या खाणीतला संप आहे: अमेरिकन खाणमालक विल्यम ग्रीन आणि एक कामगार मेक्सिकोचा झेंडा दोन टोकांनी ओढत आहेत, मागे कामगारांची न संपणारी रांग. दुसरीकडे दियास ऐटीत बसला आहे, पायाखाली १८५७ च्या राज्यघटनेचे पुस्तक. काम गिलाव्यावर नसून फळ्यांवर, कृत्रिम रंगांत केले आहे. म्हणून पृष्ठभाग दिव्यात चकाकतो आणि फोटोत पांढरे डाग पडतात. दोन पावले बाजूला सरकून तिरका फोटो घ्यावा, डाग जातात. सुरुवात १९५७ ची आणि शेवट १९६६ चा. मधली चार वर्षे काम बंद होते, कारण १९६० मध्ये सरकारने सिकेरोसला पकडून त्याच लेकुंबेरी तुरुंगात टाकले. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस मातेओसने, ज्याच्या कारकिर्दीत तो आत गेला होता त्यानेच, त्याला माफी दिली. सुटून तो या खोलीत परत आला आणि राहिलेले पुरे केले. सरकारी संग्रहालयातले हे चित्र कुणाच्या खुशामतीसाठी काढले आहे असे ज्याला वाटते, त्याने या तारखा लक्षात ठेवाव्यात.

छताकडेही मान वर करून पाहावे. गाब्रिएल फ्लोरेसने १८४७ मधल्या छात्राला झेंडा लपेटून खाली झेपावताना रंगवले आहे, थेट आपल्या अंगावर पडेल असा. सहा बालवीरांची ही कथा मेक्सिकोत प्रत्येक मुलाला पाठ असते: दे ला बारेरा, एस्कुतिया, मार्केस, मेल्गार, मोन्तेस दे ओका आणि सुआरेस. पायथ्याचे सहा स्तंभ त्यांचेच, १९५२ मध्ये उभारलेले. हुआन एस्कुतियाने झेंड्यासह उडी घेतली हा भाग मात्र इतिहासकार परंपरेत जमा करतात. आपल्या लेखात तो घडलेली गोष्ट म्हणून आला होता, एवढी दुरुस्ती करावी. दरवर्षी १३ सप्टेंबरला स्मारकापाशी सरकारी मानवंदना असते आणि सकाळी भोवतालची वाट अडवलेली असते. त्या दिवशी जाणाऱ्याने दुपार धरावी.

अल्कासारबद्दल फार लिहीत नाही, पुरवणीत ते पुष्कळ आले. कार्लोताची झोपण्याची खोली आणि संगमरवरी टब, संगीताची खोली, मॅलाकाइटच्या हिरव्या दगडाचे दालन हे सगळे आहेच. सान्तियागो रेबुलने रंगवलेल्या नाचऱ्या स्त्रिया गच्चीच्या भिंतींवर आहेत. त्यांच्याकडे पाठ करून शहराचा फोटो काढण्याची चूक सगळेच करतात. दियासच्या काळातली रंगीत काचांची गॅलरी खास आहे: फ्लोरा, पोमोना, सेरेस, डायना आणि हेबे अशा पाच देवता. उजेड काचेमागून येतो, त्यामुळे फोनने आपोआप काढलेल्या फोटोत एकतर काच पांढरीफटक होते नाहीतर बाकी सगळे काळे. पडद्यावर काचेच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करावा. गच्चीवरून दिसणारा सरळ रुंद रस्ता, पासेओ दे ला रेफोर्मा, बादशहाने किल्ला शहराशी जोडण्यासाठी आखून घेतला होता. नाव नंतर गणराज्याने बदलले. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस येतो आणि ओली फरशी निसरडी होते. गुळगुळीत तळव्यांचे जोडे घालू नयेत.

लोक इथे काय शोधतात आणि सापडत नाही, तेही सांगून टाकतो. इदाल्गोने वाजवलेली दोलोरेसची घंटा इथे नाही. ती १८९६ पासून राष्ट्रीय प्रासादावर आहे. ‘अ‍ॅझटेकांचे दिनदर्शिका-शिल्प’ही इथे नाही, ते याच वनात, रस्त्यापलीकडे, १९६४ मध्ये उघडलेल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात. आपल्या लेखाने ही दोन्ही संग्रहालये ‘एका दिवसात आरामात’ जोडून दिली आहेत. आरामात तर नाहीच. दुपारी तीनच्या सुमाराला पाय बोलू लागतात आणि दुसऱ्या संग्रहालयात माणूस बाकडी शोधत फिरतो. दोन वेगळ्या सकाळी ठेवाव्यात.

किल्ल्यानंतर त्याच दिवशी काही जोडायचेच असेल, तर लोस पिनोस जोडावे. कार्देनासने राहायला निवडलेले ते घर पुढे आठ दशकांहून अधिक काळ राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान होते आणि १ डिसेंबर २०१८ पासून तेही लोकांसाठी खुले आहे. आत सामान फारसे नाही, त्यामुळे तासाभरात होते. पुढच्या पुरवणीत निदान सोमवारची सुट्टी, पाण्याच्या बाटल्यांचा नियम, रविवारच्या तिकिटाची अट आणि दोन इमारतींचा फरक एवढी चौकट छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक